धागा: घाबरणाऱ्या मुलांचं 'टाळणं' मोजायचं कसं?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. इथे शाळेत समुपदेशन करणारे, विशेष शिक्षक, बालरोगवाले बरेच आहेत, म्हणून हा विषय टाकतोय.

चौथी ते सातवीच्या घाबरणाऱ्या मुलांसाठी आपण बहुतेक जण 'स्केअर्ड' ही प्रश्नावली वापरतो. ४१ प्रश्न, प्रत्येकाला ० ते २ गुण, बेरीज २५ किंवा वर गेली की पुढची तपासणी. एक फॉर्म मुलाचा, एक पालकाचा. पण त्यात धडधड, पोटदुखी, काळजी, झोप यांचेच प्रश्न जास्त. शाळा टाळण्यावर जेमतेम ४. मूल प्रत्यक्षात काय करायचं सोडून देतं, ते त्यातून कळत नाही. उलट सगळंच टाळणाऱ्या मुलाची बेरीज कमीसुद्धा येते. फळ्यासमोर कधी उभंच राहत नाही, तर छाती धडधडणार कधी?

तर टाळणं वेगळं मोजायचं असेल तर कशानं? प्रश्नावली, निरीक्षण, की मुलाला त्या गोष्टीसमोर नेऊन बघायची चाचणी? खानापूर तालुक्यातल्या (बेळगाव जिल्हा) दोन शिक्षकी शाळेत जमेल असं सांगा. लॅपटॉप, सेन्सर, घड्याळवाले पट्टे वगैरे नको.

कुंदा_पावकिलो
टाळणं मोजायचं असेल तर शनिवारी दुपारी मीटिंग ठेवा आणि कोण कोण येत नाही ते मोजा. स्टाफरूमपासून सुरुवात.

डॉ_घटप्रभा
प्रश्न योग्य आहे. भीती आणि टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच वेगाने कमी होत नाहीत. मूल एखादी गोष्ट टाळतं, लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी टाळणं आणखी पक्कं होतं. भीती खरी होती की खोटी हे तपासायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून उपचारात आधी टाळणं मोडावं लागतं आणि भीती मागाहून उतरते. फक्त भीती मोजत बसलात तर पहिले काही आठवडे काहीच फरक दिसणार नाही, किंवा आकडा वाढलेला दिसेल.

टाळण्यासाठीच केलेली एक छोटी प्रश्नावली आहे, 'चाइल्ड अव्हॉयडन्स मेजर'. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. मुलासाठी ८ प्रश्न, पालकासाठी ८. कुत्रा, अंधार, परीक्षा अशी भीतीची यादी त्यात नाही. एखाद्या गोष्टीची भीती वाटली की मूल काय करतं, एवढंच विचारलेलं आहे. त्यामुळे कुठल्याही प्रकारच्या भीतीला चालते.

लोकांसमोर बुजणाऱ्या मुलांसाठी लीबोविट्झ मापनाची मुलांची आवृत्ती बघा. २४ प्रसंग, प्रत्येक प्रसंगाला दोन रकाने: भीती ० ते ३, टाळणं ० ते ३. दोन रकान्यांतला फरक फार बोलका असतो. भीती ३ आणि टाळणं ० असलेलं मूल सोसून का होईना, प्रसंगाला सामोरं जातंय. भीती १ आणि टाळणं ३ असलेल्या मुलाकडे आधी बघा.

एक सूचना. यातलं काही मराठीत करून वापरलंत तर मूळ इंग्रजी आवृत्तीच्या गुणमर्यादा (बेरीज किती झाली की पुढची तपासणी) तशाच लावू नका. त्याच मुलाची आधीची बेरीज आणि नंतरची बेरीज, एवढीच तुलना करा. आणि विकत किंवा परवानगीने मिळणारी साधनं झेरॉक्स करून वाटू नका.

रेल्वेगेट_तिसरं
प्रश्नावली राहू द्या बाजूला. शाळेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं मोजमाप म्हणजे संधीचा हिशोब. 'या आठवड्यात चार वेळा टाळलं' याला काही अर्थ नाही. किती वेळा संधी होती? चारपैकी चार की चाळीसपैकी चार?

प्रत्येक मुलासाठी दोनच प्रसंग निवडा. समजा एक, बाईंनी नाव घेऊन प्रश्न विचारल्यावर उत्तर देणं. दुसरं, मधल्या सुट्टीत खेळात सामील होणं. आता कागदावर दोन आकडे: संधी किती आल्या, सामोरं किती वेळा गेलं. भागाकार करून टक्के काढा. दहा संधींपेक्षा कमी असतील तर टक्के काढू नका, '६ पैकी २' असंच लिहा. सहातल्या एकाचा फरक टक्क्यांत फार मोठा दिसतो.

कुठल्या संधी मोजायच्या नाहीत हेही आधीच ठरवा. जुलैत पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली, बस आलीच नाही, ताप आला, गावची जत्रा होती, ते दिवस हिशोबातून बाहेर. हे नंतर ठरवायला गेलात की आपल्याला हवं तसं ठरवलं जातं.

आणि सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. बाईंना मुलाची दया येते, त्या त्याला प्रश्नच विचारत नाहीत. मग टाळण्याचा आकडा शून्य. शिक्षक खूश, मूल खूश, आणि काही बदललेलंच नाही. म्हणून संधीचा आकडा घसरतोय का, हे आधी बघा.

निपाणीची_सून
रेल्वेगेट, +१. दयेने दिलेली सूट हेच मुलाच्या टाळण्याचं झाकण असतं. घरी तर जास्तच. दुकानात मूल गप्प, आईच त्याच्या वतीने 'त्याला पेन्सिल पायजे' म्हणते. कुत्र्याची गल्ली सोडून रिक्षा लांबून वळवतात. पोटात दुखतंय म्हटलं की चिठ्ठी तयार. रात्री आजी शेजारी झोपते. म्हणजे टाळायचं काम मुलानं केलंच नाही, घरच्यांनी केलं.

यासाठीही मापन आहे, 'फॅमिली अकोमोडेशन स्केल'ची चिंतेसाठीची आवृत्ती, २०१३. पालकासाठी १३ प्रश्न. त्यातले पहिले ९ घरचे किती वेळा मदतीला धावतात आणि घरचं वेळापत्रक किती बदलतात यावर, ० ते ४ गुण. उरलेले ४ पालकाला होणारा त्रास आणि मदत नाकारली तर मूल काय करतं यावर.

प्रश्नावली नको असेल तर आईला एकच काम द्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या दिवशी मुलाच्या वतीने बोलली किंवा वाट बदलली की तारखेच्या चौकटीत एक टिंब. रात्री टिंबं मोजा. मदत कमी करायला सुरुवात केली की पहिल्या काही दिवसांत मुलाचं उघड टाळणं आणि रडणं वाढतं. तेव्हा फक्त मुलाचा कागद बघणारा म्हणेल, बिघडलं. टिंबं शेजारी ठेवलीत तर कळतं की झाकण निघालं, म्हणून दिसायला लागलं.

यळ्ळूर_बासमती
एवढं सगळं कशाला लागतंय? एक छडी दिली की फळ्यासमोर उभं राहतंय की पोरगं. मोजायचं काय त्यात.

डॉ_घटप्रभा
बासमतीकाका, छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, हा मुद्दा वेगळाच. मोजमापाच्या बाजूने सांगते. छडीच्या धाकाने फळ्यासमोर उभं राहिलेलं मूल फळ्याची भीती टाळत नाही, छडी टाळतंय. त्या नोंदीत 'सामोरं गेलं' लिहाल, पण दुसऱ्या दिवशी शाळेतच येणार नाही आणि तो आकडा भलत्याच रकान्यात जाईल.

यळ्ळूर_बासमती
बरं. पटलं तेवढं. पण दहा प्रश्नावल्या भरून पोरगं बरं होतंय यावर माझा इश्वास नाही.

जांबोटी_घाट
काकांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, नुसत्या प्रश्नावलीवर विसंबता येत नाही. पालक सांगतो एक, मूल सांगतं दुसरं. १९८७ साली आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून बघितलं, तर मुलानं स्वतःबद्दल सांगितलेलं आणि इतरांनी त्याच्याबद्दल सांगितलेलं यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणारं) सरासरी ०.२२ निघाला. म्हणजे फारच थोडा. दोघांपैकी कोणी खोटं बोलतं असं नाही. आई घर बघते, बाई वर्ग बघतात, मूल दोन्हीकडे असतं. म्हणून दोघांची सरासरी काढू नका, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर 'समोर जाण्याची चाचणी' आहे. १९६३ साली लँग आणि लाझोविक यांनी सापाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवर वापरली: खोलीत पिंजऱ्यात साप, आणि माणूस किती जवळ जातो हेच माप. मुलांच्या कुत्र्याच्या भीतीसाठी आपल्याकडे अशी करता येते:

० आवारात यायलाच नकार
१ फाटकाबाहेर उभं, कुत्रा ३० फुटांवर
२ फाटकाच्या आत, २५ फूट
३ २० फूट
४ १५ फूट
५ १० फूट
६ ६ फूट
७ ३ फूट
८ मालकाने साखळी धरलेल्या कुत्र्याशेजारी उभं
९ पाठीला बोट लावणं
१० पाठीवरून ३० सेकंद हात फिरवणं

अंगणात खडूने रेघा मारा, मोजपट्टी लावून. पायऱ्या अंदाजाने ठेवल्या की पुढच्या खेपेला आणि आजच्यात फरक पडतो. प्रत्येक पायरीवर ३० सेकंद थांबलं तरच ती धरायची, नाहीतर धावत जाऊन शिवून परत येणाऱ्याला १० मिळतात. मुलाला सांगायचं वाक्य कागदावर लिहून ठेवा आणि दर वेळी तेच वाचा: 'जेवढं जमेल तेवढं पुढं जा. नको वाटलं की हात वर कर, तिथंच थांबायचं. कमी-जास्त गेलास तरी काही नाही.' हात वर झाला की थांबायचं म्हणजे थांबायचं, 'अजून एक पाऊल' नाही. तो करार मोडला की दुसऱ्या खेपेला मूल फाटकातच येत नाही, आणि मग आपण भीती मोजत नाही, आपल्यावरचा अविश्वास मोजतो.

लिहायचं काय? सर्वात वरची पायरी. सुरुवात करायला किती सेकंद घेतले. आणि प्रत्येक पायरीवर भीती किती, ० ते १०, मुलानं स्वतः सांगितलेली.

शहापूर_लुगडं
कुत्रा कुणाचा, हे लिहायचं राहिलं! रस्त्यावरचा नको. लसीकरण झालेला, साखळीचा, शांत, आणि मालक हजर. दोन्ही खेपांना तोच कुत्रा, तीच वेळ. सकाळी कुत्रा जागा आणि दुपारी सावलीत घोरत पडलेला, तर पायरी ४ ची ८ होते आणि श्रेय जातं समुपदेशकाला.

शिवाय आपल्या गल्ल्यांत भटक्या कुत्र्यांच्या टोळीला वळसा घालणं हे शहाणपण आहे, टाळणं नाही. मोजायचं ते गरजेपेक्षा जास्त केलेलं टाळणं. शेजारणीच्या साखळीतल्या कुत्र्यामुळे तिच्या घरी जायचंच बंद केलं, त्याची नोंद करा.

कुंदा_पावकिलो
कुत्र्याची संमती कोण घेणार?

शहापूर_लुगडं
शेपटी हलवली की सही झाली समजायचं.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)
जांबोटी, फार उपयोगी. पण शाळेत कुत्रा नाही, आणि माझी बहुतेक मुलं 'सगळ्यांसमोर वाचणं' या गटातली. त्यासाठी अशी पायऱ्यांची चाचणी होते का?

जांबोटी_घाट
होते, आणि ती सोपी आहे. आधी मूल तो उतारा एकट्याने, बिनचूक वाचू शकतं ना, बघा. नाहीतर वाचता येत नाही म्हणून गप्प बसतंय की भीतीनं, हे वेगळं काढता येणार नाही. दोन इयत्ता खालच्या पुस्तकातला उतारा घ्या. मग पायऱ्या: बाईंसमोर एकटं, एका मित्रासमोर, तिघांसमोर, वर्गात बसून, वर्गात उभं राहून, फळ्यासमोर. प्रत्येकी १ मिनिट. किती शब्द वाचले, तोंड उघडायला किती सेकंद लागले, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला का.

एक नियम सोडू नका: उपचार सुरू करण्याआधी ही चाचणी दोनदा घ्या, मध्ये काही दिवस जाऊ द्या. नुसत्या सरावानेच दुसऱ्या खेपेला एखादी पायरी वाढते. ती वाढ आपल्या खात्यावर जमा करायची नाही.

निपाणीची_सून
आणि पदर बघा. हसू नका. आई मागे उभी असेल तर मूल वरच्या पायरीवर जातं खरं, पण हातात काय आहे? पदराची पूर्ण मूठ, दोन बोटांत पदराचं टोक, की काहीच नाही? तीन रकाने करा: मूठ, टोक, मोकळं. पायरी ७ मूठ आणि पायरी ७ मोकळं यांत फार अंतर आहे. तसंच रुमाल घट्ट धरणं, पुस्तक तोंडासमोर धरून वाचणं, डोळे मिटून उभं राहणं, मनात अंक मोजणं. मूल जागेवर हजर असतं, पण टाळणं आत चाललेलं असतं. पायरीचा आकडा त्याला पकडत नाही.

समुपदेशक_चिकोडी
सहमत. आणखी एक लपलेलं टाळणं म्हणजे पाण्याची बाटली. शाळेच्या स्वच्छतागृहात जायचं नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. पाऊण लिटरची बाटली सकाळी भरलेली, संध्याकाळी घरी गेल्यावर त्यात किती उरलं ते आईनं बाटलीवर मार्करने रेघा मारून बघावं. संकोच वाटणारं मूल हे कधी तोंडाने सांगणार नाही, बाटली सांगते.

पण त्याआधी स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, दार शेवटपर्यंत लागतं का, ते स्वतः जाऊन बघा. कडी नसेल तर ते मुलीचं टाळणं म्हणून लिहू नका. कडी बसवा आणि मग मोजा.

रेल्वेगेट_तिसरं
हा प्रतिसाद सगळ्या मुख्याध्यापकांना पाठवायला हवा. कडीचा खर्च समुपदेशनाच्या एका सत्रापेक्षा कमी.

डॉ_घटप्रभा
आणि दिवसभर पाणी न पिणं, लघवी रोखून धरणं याने बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग होतो. मग खरंच पोट दुखतं, आणि आपण 'शाळा टाळायचं सोंग' लिहून मोकळे होतो. पोटदुखीवालं मूल आधी तपासून घ्या.

मराठा_मंदिरामागे
थोडं अवांतर. घरी मराठी आणि शाळा कन्नड माध्यमाची असलेली मुलं जूनपासून गप्प बसतात. त्यांना सगळे 'घाबरट' ठरवून मोकळे. हे टाळणं आहे का?

समुपदेशक_चिकोडी
अवांतर अजिबात नाही, आपल्या भागात हाच पहिला प्रश्न असायला हवा. विशिष्ट ठिकाणी न बोलण्याच्या विकाराचे निकष सांगतात की न बोलणं किमान १ महिना टिकलेलं असावं, तोही शाळेचा पहिला महिना सोडून, आणि ते ती भाषा येत नसल्यामुळे नसावं. नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही काळ फक्त ऐकतं, ते साहजिक आहे. जूनमध्ये मोजून काही हाती लागत नाही.

वेगळं काढायची पद्धत: तेच मूल मैदानात मराठी मित्राशी बोलतं का? मराठी शिक्षकाशी मराठीत बोलतं का? कन्नडमध्ये मान हलवून उत्तर देतं का? मैदानात खळखळून बोलणारं आणि कन्नड तासाला फक्त मान हलवणारं मूल भाषा शिकतंय. मराठीतसुद्धा मराठी बाईंशी बोलत नाही, वर्गमित्राच्या कानातसुद्धा नाही, पण घरी दिवाळीच्या फटाक्यांसारखं तडतडतं, तर तिथे भीती आहे.

नोंद चार पातळ्यांत करा: मान/बोट, कुजबुज, एक शब्द, वाक्य. आणि कुणाशी. प्रश्नाचा प्रकारही लिहा, कारण 'दूध पायजे का?' याला मान पुरते, 'निळा की लाल?' याला एक शब्द लागतो, 'काल काय केलंस?' याला वाक्य लागतं. बाई सारखे मान पुरणारेच प्रश्न विचारत असतील तर पातळी वाढायला जागाच नाही.

मराठा_मंदिरामागे
हे नेमकं हवं होतं. धन्यवाद.

बाईमाणूस_संकेश्वर
शाळेत न येण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. हजेरीपट हे मोजमाप धरता येतं का? शाळेच्या एसएटीएसमध्ये (सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या ऑनलाइन प्रणालीत) हजेरी जातेच की.

रेल्वेगेट_तिसरं
हजेरी फार भोंगळ माप आहे. हजर की गैरहजर, एवढंच. घाबरणारं मूल कित्येकदा हजर असतं, पण उशिरा आलेलं, प्रार्थना चुकवलेलं, तिसऱ्या तासाला पोट दुखतंय म्हणून आजीबरोबर परत गेलेलं, किंवा दिवसभर ऑफिसच्या बाकावर बसलेलं. तासागणिक नोंद करा. दिवसाचे सात तास असतील तर सातपैकी किती तास वर्गात. प्रार्थनेची वेगळी चौकट, कारण रांगेत उभं राहणं हाच पुष्कळांचा अडसर असतो. आणि सोमवार वेगळा बघा.

समुपदेशक_चिकोडी
शिवाय गैरहजेरीचं कारण काढल्याशिवाय आकड्याचा उपयोग नाही. कर्नी यांची शाळा नाकारण्याची प्रश्नावली, सुधारित आवृत्ती २००२ ची, याचसाठी आहे. २४ प्रश्न, ० ते ६ गुण, चार गट, प्रत्येकात ६ प्रश्न. शाळेतल्या कशाने तरी अस्वस्थ वाटतं म्हणून टाळणं. परीक्षा, लोकांसमोर बोलणं असल्या प्रसंगातून सुटका. घरच्यांचं लक्ष मिळवणं. आणि बाहेरची मजा, मोबाइल, मामाचं दुकान वगैरे. प्रत्येक गटाची सरासरी काढायची, सगळ्यात जास्त ती मुख्य. दोन सरासऱ्यांत ०.२५ किंवा कमी फरक असेल तर दोन्ही सारख्याच धरायच्या. पहिले दोन गट म्हणजे टाळणं, शेवटचे दोन म्हणजे काहीतरी मिळवणं. चौथ्या गटातल्या मुलाला भीतीच्या पायऱ्या चढवत बसणं वाया.

शेतीच्या दिवसांत, ऊसतोडीच्या हंगामात घरच्यांनीच ठेवून घेतलेलं मूल या चारांत कुठेच बसत नाही. ते आधी वेगळं काढा.

यळ्ळूर_बासमती
हे कामाचं. चौथा गट म्हणजे मामाचं दुकान, हे एकदम झक्कास.

बाईमाणूस_संकेश्वर
मी नोंद करते ती आणि सहशिक्षिका करते ती जुळत नाही असं झालं तर?

जांबोटी_घाट
होणारच. म्हणून आधी 'सामोरं गेलं' म्हणजे काय ते एका ओळीत ठरवा. उदा. 'प्रश्न विचारल्यापासून १० सेकंदांत ऐकू येईल असं उत्तर, चूक असलं तरी चालेल.' मग एकाच तासाला दोघींनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून, एकमेकींचा कागद न बघता नोंदी करायच्या. ज्या संधींवर दोघींचं एकमत झालं त्या, भागिले एकूण संधी, गुणिले १००. ८० च्या खाली असेल तर व्याख्या सुधारा. मुलाच्या नावानं खडे फोडू नका.

आणि निरीक्षक वर्गात आला की मूल बदलतं. सुरुवातीचे दोन दिवस नुसतं मागे बसा, कागद धरा, पण त्या नोंदी हिशोबात घेऊ नका.

व्हिडिओ काढू नका. काढलेला व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला की त्या मुलाचं टाळणं दुप्पट.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे. मी असा कागद करतोय, बघून सांगा:

प्रत्येक मुलाचे दोन प्रसंग. दररोज: संधी / सामोरं / कशाचा आधार घेतला (मूठ, टोक, मोकळं या धर्तीवर). आठवड्यातून एकदा: भीती ० ते १०. घरी: कॅलेंडरवर टिंबं. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी: पायऱ्यांची चाचणी आणि स्केअर्ड. त्याआधी दोन आठवडे काहीही न करता फक्त नोंद.

डॉ_घटप्रभा
चांगला आहे. एक बदल. 'भीती ० ते १०' आठवड्यातून एकदा विचारलीत तर मूल शेवटचा दिवस आठवून सांगेल. प्रसंग घडला त्याच दिवशी, सुटल्या सुटल्या विचारा, तेही त्या प्रसंगापुरतं. लहान मुलाला आकडा अवघड जातो, तर भिंतीवर दहा पायऱ्यांचं चित्र लावा आणि बोट ठेवायला सांगा.

आणि जे मूल खाणं-पिणं सोडतं, झोपत नाही, स्वतःला इजा करायचं बोलतं, त्याचं मोजमाप करत बसू नका. थेट पाठवा: जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, पैसे लागत नाहीत.

रेल्वेगेट_तिसरं
दोन आठवड्यांच्या नुसत्या नोंदीत सर्वात चांगला दिवस कुठला ते लिहून ठेवा. नंतरचे किती दिवस त्याच्या वर गेले ते मोजा. दहातले आठ-नऊ गेले तर खरंच काहीतरी हललंय. चार-पाचच गेले तर गडबड करू नका, सरासरी वर दिसली तरी.

बाईमाणूस_संकेश्वर
दसऱ्याची सुट्टी मध्येच येते, तिचं काय? सुट्टीनंतर सगळीच मुलं बिथरलेली असतात.

रेल्वेगेट_तिसरं
रोजच्या आकड्यांचा आलेख काढा, सुट्टी येते तिथं उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजूंचे बिंदू जोडू नका. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांचे बिंदू पोकळ गोल काढा, बाकीचे भरीव. पोकळ गोल हिशोबात घ्यायचे नाहीत, पण खोडायचेही नाहीत. दर सुट्टीनंतर ते किती खाली जातात आणि चौथ्या दिवशी मूळ जागी येतात का, हे दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत बघायला लागेल.

कुंदा_पावकिलो
शिक्षकांचे बिंदूही पोकळच काढा त्या तीन दिवसांत.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)
कागदाचा नमुना उद्या टाकतो. पोकळ गोलांसह. जांबोटी, तुमचं ते हात वर करायचं वाक्य तसंच्या तसं घेतोय.

जांबोटी_घाट
घ्या. फक्त मुलींसाठी 'गेलास'चं 'गेलीस' करा, आणि एकदा छापलं की नंतर बदलू नका.